पुंगळी

बंदुकीचा घोडा ओढला की दोन वस्तू बाहेर पडतात. एक पुढून जाते, तिच्यावर सिनेमे निघतात. दुसरी बाजूला टणकन पडते आणि तिची नोंद फक्त पंचनाम्यात होते : 'घटनास्थळी चार रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.' आजचा लेख या दुसरीवर आहे. वीकेंडला वाचायला विषय जरा आडवाटेचा आहे, पण त्यात पाऊस आहे, घोडे आहेत, कर्जतचं स्टेशन आहे आणि पितळेला 'ताण' येतो म्हणजे नेमकं काय होतं तेही आहे. आयटीतल्या माणसाला यातलं शेवटचं तरी जवळचं वाटावं :)

अमेरिका-युरोपात रायफलवाल्यांची एक जमात आहे. ही मंडळी झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी आणतात, धुतात, घासतात, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात, लांबी छाटतात, मानेला ताव देतात आणि मग त्यात नवी दारू आणि नवी गोळी भरून तीच पुंगळी परत वापरतात. यात त्यांचा अर्धा वेळ काम करण्यात आणि अर्धा भांडण्यात जातो. पितळेची ही सगळी तयारी खरंच लागते, की हा नुसता सोवळ्याचा प्रकार आहे? एक पक्ष म्हणतो, वजन करून पुंगळ्या वेगळ्या काढल्याशिवाय निशाणाच लागत नाही. दुसरा म्हणतो, धुवा, भरा, झाडा. आपल्याकडे हा वाद उद्भवत नाही, कारण १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. ज्यांनी एनसीसीत फायरिंग केलंय त्यांना तर आठवतच असेल, की गोळी कुठे गेली हे कुणी फारसं विचारत नाही, पण 'खोखे' मात्र मोजून परत द्यावे लागतात.

पण हा वाद हौशी लोकांनी सुरू केला त्याच्या खूप आधी, पितळेची तयारी किती महत्त्वाची याचं उत्तर हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने देऊन टाकलं होतं. जगभरच्या धातुशास्त्राच्या पुस्तकांत ते उत्तर दोन-तीन ओळींत येतं आणि लगेच पुढचं प्रकरण सुरू होतं. मला ती गोष्ट दोन ओळींत संपवणं जमत नाही, म्हणून हा लेख.

तर सुरुवात शब्दापासून. 'काडतूस' आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, कार्तुशपासून. पाव, बटाटा, पिस्तूल यांच्याच बोटीतून. गंमत म्हणजे तो शब्द आला तेव्हा त्या वस्तूत पितळेचा लवलेश नव्हता. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. आत मोजलेली दारू आणि गोळी. सुरळीचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. ठासणीच्या बंदुकीचं काडतूस असंच असणार. १८५७ साली एनफिल्ड रायफलीबरोबर आलेल्या कागदाला लावलेली चरबी कशाची, यावरून काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. २४ एप्रिलला मीरतच्या पंच्याऐंशी स्वारांनी ती काडतुसं नाकारली, त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे ला सगळं पेटलं. कारणं अर्थातच पुष्कळ होती आणि एकट्या काडतुसावर खापर फोडणं इतिहासाला धरून नाही. पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या. काडतूस तोंडात धरावं लागत होतं, कारण ते कागदाचं होतं.

दहा वर्षांत तो कागद गेला. मागून भरायच्या स्नायडर रायफली आल्या आणि वूलिचच्या कर्नल बॉक्सरने त्यांच्यासाठी धातूचं काडतूस बनवलं. हे मात्र आजच्यासारखं अखंड नव्हतं. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली नळी आणि तिला खाली लोखंडी बूड. पानपट्टीवाला पान गुंडाळतो ना, साधारण त्या जातीचं काम. त्यानंतर आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची काडतुसंही याच पद्धतीची. कवायतीच्या मैदानावर सगळं ठीक चालायचं. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमध्ये अबू क्लेआच्या लढाईत, वाळू आणि गरम झालेल्या नळ्या यांच्यात ही गुंडाळलेली काडतुसं अडकायला लागली. बाहेर ओढणारा आकडा बुडाची कड धरून ओढायचा आणि पातळ पत्र्याची नळी आतच राहायची. बरोबर नेलेली गार्डनर मशीनगनसुद्धा ऐन वेळी अडकली. इंग्रजांची सत्तरहून जास्त माणसं त्या दिवशी मेली, पलीकडची तर कितीतरी पट. गोळी बरोबर होती, दारू बरोबर होती, बंदूकही बरोबर होती. मात्र पुंगळीने दगा दिला.

त्यानंतर मात्र एका अखंड तुकड्यातून ओढून काढलेलं पितळी काडतूस पक्कं रुजलं. १८८८-८९ मध्ये आलेलं .३०३, म्हणजे आपल्या पोलिसांचं 'थ्री-नॉट-थ्री', हे त्यातलंच. या काडतुसाने आपल्याकडे जे ठाण मांडलं त्याला तोड नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात होत्या त्या रायफली याच बोअरच्या.

आता ही पुंगळी बनते कशी ते सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यात आहे. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं पितळ घ्यायचं. (याला जगभर 'कार्ट्रिज ब्रास' असंच म्हणतात.) त्याची चकती कापायची, दाबून तिची वाटी करायची, ती वाटी साच्यातून ओढून लांब करायची, पुन्हा ओढायची, पुन्हा. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं. कडक झालेलं पितळ तसंच ओढलं तर फाटतं, म्हणून मधेमधे भट्टीत घालून नरम करायचं. हे तत्त्व पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन पाहता येतं. तांबट भांडं ठोकतो, ठोकता ठोकता धातू ऐकेनासा झाला की भट्टीत घालतो, नरम करून पुन्हा ठोकतो. शेवटी मठारकाम करतो तेव्हा मात्र धातू थंड असतो, कारण त्याला वरून कडकपणा हवा असतो. काडतुसाच्या कारखान्यात तेच, फक्त हातोड्याच्या जागी प्रेस.

फरक एवढाच, की पुंगळीला एकाच वेळी दोन स्वभाव लागतात. बूड कडक हवं, कारण तिथे मार बसतो आणि बाहेर ओढणारा आकडा तिथलीच कड धरतो. मान नरम हवी. बार उडाला की आत हवेच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट दाब तयार होतो. त्या क्षणी पुंगळीची मान फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटायला हवी, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येणार नाही. आणि पुढच्याच क्षणी ती किंचित आक्रसायला हवी, नाहीतर अडकून बसेल. फुगणं आणि आक्रसणं ही दोन्ही कामं सेकंदाच्या हजाराव्या भागात. या कामाला पितळेइतका चांगला धातू शंभर-सव्वाशे वर्षांत दुसरा मिळालेला नाही. स्टीलची पुंगळी स्वस्त पडते, चालतेही, पण तिच्यात ही लवचीक बुद्धी नाही.

आता येऊ आपल्या भागात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. खडकीच का? मोठी छावणी जवळ, समुद्रावरून तोफांचा धोका नाही, आणि मुख्य म्हणजे सहा वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, बोरघाटातली रेल्वे पूर्ण झाली होती. त्याआधी हा घाट म्हणजे डोकेदुखी होती. सर जॉन माल्कमने १८३० मध्ये गाडीरस्ता केला होता हे खरं. पण रेल्वे दोन्ही बाजूंनी येऊन मधे अडली होती. मुंबईकडून ती १८५६ मध्ये पळसदरी-खोपोलीपर्यंत पोचली, पुण्याकडून १८५८ मध्ये खंडाळ्यापर्यंत. मधला डोंगर पालखीत, तट्टावर किंवा आपल्या पायांनी. तो डोंगर फोडायला सात वर्षं आणि एका वेळी चाळीस हजारांवर मजूर लागले. बोगदे पंचवीस, चढ काही ठिकाणी सदतिसास एक. कॉलऱ्याने किती माणसं गेली त्याचा धड हिशेबही कुणी ठेवला नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत १८५९ मध्ये वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवून काम पुरं करून घेतलं. या बाईवर मराठीत एखादी जाडजूड कादंबरी हवी. असो.

तर मुंबई बंदरात उतरणारा माल खडकीला जायचा तो कर्जतवरूनच. तांबं बरंचसं बाहेरचं, जस्त तर सगळंच बाहेरचं. (ज्या देशात राजस्थानातल्या जावरला शेकडो वर्षं जस्त गाळलं जात होतं, त्या देशाने जस्त बोटीने आणावं हाही एक विनोदच.) कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, तोवर प्रवासी दिवाडकरांचा वडा खाऊन घेतात. आजही घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं हेच. वडा खाताना आपण ज्या फलाटावर उभे असतो, तिथून दीड शतक दारूगोळ्याचा कच्चा माल वर गेलाय आणि तयार काडतुसांच्या पेट्या खाली आल्यात, हे मनात आलं की वडा जरा वेगळाच लागतो.

आणि पाऊस. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माथेरानला त्याहून खूप जास्त. जूनमध्ये पलंगाच्या लोखंडाला गंज चढतो, पापडाला बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट मखमल उगवते. इंग्रजी फौजेला हे दिवस लढाईचे नव्हतेच. ओढे-नद्या भरलेल्या, रस्ते चिखलाचे, तोफांची चाकं रुतणार. म्हणून पावसाळ्यात फौज छावणीत बसायची आणि दारूगोळा कोरड्या जागी ठेवला जायचा. छावणीत भक्कम छपराची, उंच जोत्याची, हवा खेळती असलेली इमारत कोणती? तबेला. माणसांपेक्षा घोड्यांची काळजी जास्त घेतली जायची, त्यामुळे तबेले उत्तम असायचे. काडतुसांच्या पेट्या तिथे गेल्या.

पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या तर काडतुसांच्या मानेला चिरा. कुणी हात लावलेला नाही, एकही झाडलेलं नाही, ठेवली तेव्हा चकचकीत आणि धडधाकट होती. गंज म्हणावा तर गंजही नाही. पितळ खाऊन पातळ झालंय असं नाही, बाकीचं अंग नव्यासारखं, आणि मधेच केसासारखी बारीक, सरळ, पार आरपार गेलेली चीर. अशा काडतुसाचं काय होणार? गोळी मानेत सैल होणार, ओल आत शिरून दारू बिघडणार, आणि झाडलंच तर चिरेतून वायू मागे येणार. शिपायाला हे कळणार कधी? चाप ओढल्यावर.

इंग्रजीत या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. काहींच्या मते पावसाळ्याच्या सीझनमुळे, काहींच्या मते मुरवलेल्या लाकडाला पडतात तशा चिरा म्हणून. नाव मिळालं म्हणजे कारण कळलं असं थोडंच! आमच्या धंद्यातही एखाद्या बगला छानसं नाव देऊन तिकीट बंद करणारे महाभाग असतातच.

विचार करा, हा बग किती छळवादी आहे. वूलिचला तीच काडतुसं ठेवली तर काही होत नाही. हिंदुस्थानातही उन्हाळ्यात काही होत नाही. पावसाळ्यात एका कोठारातली फुटतात, शेजारच्या कोठारातली फुटत नाहीत. एकाच पेटीतली काही फुटतात, काही नाही. लखनौवाला म्हणणार 'माल खराब', कारखाना म्हणणार 'ठेवायची अक्कल नाही'. 'आमच्या मशीनवर तर चालतंय' या वाक्याचा हा आद्य अवतार. पहिल्या महायुद्धात काडतुसं आणि तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्या लाखांनी नव्हे, कोटींनी बनायला लागल्या, तेव्हा हे दुखणं इतकं वाढलं की दुर्लक्ष करणं परवडेना. शेवटी वूलिचच्या संशोधन विभागातल्या मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहून गाठ सोडवली.

गुन्हेगार एक नव्हता, तीन होते. आणि तिघे एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नव्हता.

पहिला, पितळ स्वतः. दुसरा, अमोनिया. घोड्याच्या मुतातल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. कुठल्याही गोठ्यात शिरल्यावर नाकात झोंबतो तो हाच. पावसाळी दमट हवेत पितळेवर पाण्याचा अदृश्य थर बसतो, अमोनिया त्यात विरघळतो आणि तांब्याशी त्याची विशेष मैत्री आहे. तांब्याला तो आपल्यात ओढून घेतो, गर्द निळं संयुग बनवतो. प्रयोगशाळेत बारावीला केलेला तो सुंदर निळा रंग आठवतोय? तोच. पण सगळ्या पृष्ठभागावर सारखा हल्ला झाला असता तर पितळ फक्त काळवंडलं असतं. तो हल्ला धातूच्या कणांमधल्या सांध्यांवर होतो, आणि तिथे तिसरा गुन्हेगार वाट बघत बसलेला असतो.

तिसरा म्हणजे ताण. बाहेरून कुणी ओढत नाहीये, पुंगळी शांत पेटीत पडलीये, मग ताण कुठला? आतला. साच्यातून ओढताना, मान आवळताना पितळेच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांची ओढाताण होते आणि ती तशीच आत अडकून राहते. वर मानेत गोळी ठासून बसवलेली, म्हणजे मान कायम ताणलेली. सांधा अमोनियाने जरा सैल केला की हा ताण तो उचकटतो, उघड्या फटीत अमोनिया आणखी खोल शिरतो, ताण पुन्हा उचकटतो. असं करत चीर आरपार.

इथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. .३०३ मध्ये १८९१ पासून कॉर्डाइट भरायला लागले. कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारख्या लांब काड्यांची जुडी. ती अरुंद मानेतून आत जात नाही. म्हणून पुंगळी सरळ नळीसारखी असतानाच जुडी आत घालायची आणि नंतर मान आवळायची. म्हणजे मानेवरची शेवटची आवळणी थंड आणि आत दारू असताना. आता त्या मानेला ताव द्यायचा कसा? भट्टीत घातलं तर कारखानाच उडेल. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो : ज्या पायरीत सगळ्यात जास्त ताण आत कोंडला जात होता, नेमकी तीच पायरी अशा जागी होती की तिच्यानंतर तो काढायची सोयच नव्हती. कामांचा क्रम चुकला की प्रत्येक काम नीट करूनही माल कसा बिघडू शकतो याचं इतकं चांगलं उदाहरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

उपाय ऐकलात तर हसाल. जिथे करता येतं तिथे पुंगळीला साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसवर थोडा वेळ ठेवायचं. बस्स. एवढ्या तापमानाला पितळ नरम पडत नाही, त्याचा कडकपणा जवळजवळ तसाच राहतो, पण आत कोंडलेला ताण निघून जातो. पूर्ण नरम करायला याहून बरंच जास्त तापवावं लागतं. पूर्वी लोकांना वाटायचं की कडकपणा आणि ताण एकच, एक ठेवायचा तर दुसराही ठेवावा लागणार. तसं नाही, हे कळणं हाच खरा शोध. तिन्ही गुन्हेगारांपैकी एक जरी गळाला तरी पुरे. घोडे हलवता येत नाहीत, पाऊस थांबवता येत नाही, पितळ बदलता येत नाही. ताण मात्र काढता येतो.

आणि ताण निघाला की नाही हे तपासायचं कसं? नुसत्या डोळ्यांना दोन्ही पुंगळ्या सारख्याच. त्यासाठी पाऱ्याच्या क्षाराच्या, मर्क्युरस नायट्रेटच्या, द्रावणात नमुना बुडवतात. पाराही पितळेच्या सांध्यांत शिरतो. पावसाळाभर तबेल्यात जे व्हायचं ते इथे काही मिनिटांत होतं. ताण असला तर पुंगळी डोळ्यांदेखत चिरते, नसला तर नुसती चंदेरी होते. आम्ही सर्व्हरवर करतो ती 'स्ट्रेस टेस्ट' हा शब्द उसना आहे, पितळेची ती अक्षरशः स्ट्रेस टेस्ट आहे. पाऱ्याचा हा गुण जुन्या काडतुसांना वेगळ्या वाटेनेही नडला. जुन्या टोपीत, म्हणजे बुडात बसवलेल्या ठिणगीच्या टिकलीत, पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. एकदा बार उडाला की तो पारा पितळेत मुरायचा आणि ती पुंगळी पुन्हा भरायच्या लायकीची राहायची नाही, कितीही घासा.

आता त्या हौशी लोकांच्या भांडणाकडे. माझं मत विचाराल तर ते दोन्ही पक्ष वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. शंभर मीटरवर रानडुकराला गोळी लागण्यात पुंगळीचं वजन दोन-चार ग्रेन इकडेतिकडे असल्याने काहीही फरक पडत नाही. हजार यार्डांवर पडतो. तिथे प्रत्येक गोळीचा वेग सारखा असावा लागतो, आणि मानेची पकड कमीजास्त झाली की वेग हलतो. म्हणजे छाटणी, वजन, चकचकीत घासणं यातलं बरंचसं नेम नावाच्या चैनीसाठी आहे. चकचकीत घासणं तर निव्वळ देखावा. पण मानेला ताव देणं त्या यादीतलं नाही. दर वेळी झाडताना मान फुगते, साच्यात दाबताना आवळते, म्हणजे पुन्हा तेच थंड काम, तोच ताण. चार-सहा फेऱ्यांनंतर माना चिरायला लागतात ते यामुळे. यात एक मजाही आहे. घरी भरणाऱ्यांना आवडते ती मधोमध एकच छिद्र असलेली टोपी, कारण जुनी टोपी त्या छिद्रातून सुई घालून सहज ढकलता येते. तिला आजही 'बॉक्सर' म्हणतात, आपल्या त्याच वूलिचच्या कर्नलच्या नावाने. आणि ब्रिटिश लष्करी .३०३ मध्ये मात्र साधारणपणे वापरली गेली बर्डन नावाच्या अमेरिकन माणसाची पद्धत. दोघांनी देश अदलाबदल करून घेतले.

आपल्या नेमबाजांना या भांडणात पडावं लागत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते .२२ बोअरवर. त्या काडतुसाची ठिणगीची दारू बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेली असते. एकदा ठोका बसून ती कड चेपली की संपलं, पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. तिथे खेळाडू कारखान्यातले वेगवेगळे लॉट घेऊन आपल्या नळीला कुठला मानवतो ते झाडून पाहतात आणि त्याच लॉटची काडतुसं जमवून ठेवतात. तयारी आहेच, फक्त ती दुसऱ्या कुणीतरी आधी केलेली.

कर्जत-खालापूरकडे काडतुसाचा विषय निघाला की तो भाई कोतवालांपाशी आल्याशिवाय राहत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, १९१२ चा जन्म, वकील. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता काढला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत मुंबईला वीज नेणारे अकरा मनोरे पाडले. ही वीज याच डोंगरातल्या पाण्याची. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना घेरलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळ्या लागून गेले. दोन्हीकडच्या बंदुका बघितल्या तर एकीकडे सरकारी कोठारातून मोजून दिलेली काडतुसं, मागे अख्खा कारखाना आणि घाटातली रेल्वे. दुसरीकडे जे मिळेल ते. काडतूस ही शूराची वस्तू नाही, पुरवठा खात्याची आहे, हे त्या डोंगरात उभं राहिलं की कळतं. पुंगळी बनवायला ज्याच्याकडे भट्टी, साचा आणि तपासनीस आहे, तो दहा वेळा चुकला तरी अकराव्यांदा झाडू शकतो.

खडकीचा कारखाना चालूच आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ मध्ये, जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा आला. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, तेव्हा हे दोन्ही पुण्यातल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेले. घोडे गेले, तबेले पाडले किंवा त्यांची ऑफिसं झाली. पण दारूगोळ्याचं आयुष्य झाडण्यात जात नाही, पडून राहण्यात जातं, हे काही बदललेलं नाही. ३१ मे २०१६ ला वर्ध्याजवळ पुलगावच्या कोठारात जे झालं, पंधराहून जास्त माणसं गेली, ते पितळेचं प्रकरण नव्हतं, रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाचं होतं. पण घडलं तेही पडून असलेल्या मालात. आणि अमोनियासाठी घोडाच लागतो असंही नाही. पोल्ट्रीची शेड, म्हशींचा गोठा, बर्फाच्या कारखान्याचा प्लँट, खताचं गोदाम, कुठेही चालतं. कर्जतच्या बाजूला फार्महाऊस बांधणाऱ्या मंडळींनी गोठ्याजवळ पितळी नळ-फिटिंग बसवताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

कधी संग्रहालयात किंवा कुणा निवृत्त फौजीच्या शोकेसमध्ये जुनं काडतूस दिसलं तर बूड बघा. दोन अक्षरांमध्ये बाण, 'के' आणि 'एफ', असं असेल तर ते खडकीचं, किर्की फॅक्टरीचं. वरणगावच्या मालावर 'ओएफव्ही' असतं. मग मान बघा. दुकानात शिकाऱ्यांसाठी विकायच्या काडतुसाची मान घासून सोन्यासारखी केलेली असते. लष्करी काडतुसाच्या मानेवर मात्र बऱ्याचदा निळसर-तपकिरी डाग दिसतो. तो मळ नाही. तो भट्टीचा डाग आहे, आणि तो मुद्दाम तसाच ठेवतात, म्हणजे या मानेला ताव दिलाय हे तपासणाऱ्याला पुंगळी हातात घेताक्षणी दिसतं.